रत्नागिरी जिल्ह्यातील आरोग्यसेवा सुधारणा

रत्नागिरी जिल्ह्यातील आरोग्यसेवा सुधारणा या नावाखाली महाराष्ट्राच्या कोकण विभागातील या जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था उभारण्यासाठी, ती वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी आणि तिच्यातील उणिवा दूर करण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून आजवर झालेल्या प्रयत्नांचा विचार केला जातो. हे प्रयत्न शासन, जिल्हा परिषद, धर्मादाय न्यास, खासगी वैद्यक व्यावसायिक, मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळे आणि स्वतः ग्रामस्थ यांनी वेगवेगळ्या काळी केले. जिल्ह्यात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२३ मध्ये सुरू झाले. या दोन वर्षांमधील अंतरावरून येथील आरोग्यव्यवस्थेच्या वाढीचा वेग ध्यानात येतो.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सह्याद्री यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत हा जिल्हा वसला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,२०८ चौ. किमी. असून मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर असे नऊ तालुके आहेत. १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडील तालुके वेगळे होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वीच्या नोंदींत ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे आजचे दोन्ही जिल्हे, हे जुने अहवाल वाचताना लक्षात ठेवावे लागते.

कोकणातील गाव देशावरील गावाप्रमाणे एका जागी दाटीने वसलेले नसते. एका महसुली गावात आठ-दहा वाड्या असतात आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला डोंगराची घाटी चढावी लागते किंवा पऱ्ह्या ओलांडावा लागतो. बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर या खाड्यांमुळे समोर दिसणारे गाव रस्त्याने फार दूर पडते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व ओढ्यांवरील साकव वाहून जातात. अशा वाड्यांतून आजारी माणसाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ अनेक ठिकाणी अद्यापि येते. येथे आरोग्यसेवेचा पहिला प्रश्न औषधाचा नसून वाटेचा असतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

दुसरा घटक स्थलांतराचा. मुंबईच्या कापडगिरण्या, गोदी, नगरपालिका व पोलीस दल यांत रत्नागिरीकरांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत घटली. याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा स्त्रीजन्माच्या स्वागताचा म्हणून पुष्कळदा कौतुकाने सांगितला जातो. प्रत्यक्षात तो कर्ते पुरुष गावाबाहेर असल्याचा पुरावा आहे. गावात मागे राहतात त्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध. आरोग्यसेवेची गरज ज्यांना अधिक, तेच येथे संख्येने अधिक, आणि त्यांना दवाखान्यापर्यंत नेणारे हात कमी, अशी ही परिस्थिती आहे.

ब्रिटिश राजवटीतील प्रयत्न

मुंबई इलाख्यात देवीची लस १८०२ मध्ये प्रथम टोचली गेली. त्यानंतर हळूहळू सरकारी लसटोचे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरू लागले. देवीचा रोग हा देवीचा कोप किंवा तिची कृपा मानणाऱ्या समाजात या कामाला विरोध झाला, तसा तो कोकणातही होता. एकोणिसाव्या शतकातील सरकारी आरोग्यधोरण लसीकरण, तुरुंग व छावण्या यांची आरोग्यव्यवस्था आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे सिव्हिल हॉस्पिटल यांच्यापलीकडे फारसे गेले नाही.

या काळातील एक उपाय विशेष ‘रत्नागिरीचा’ म्हणता येईल. जांभ्या दगडांच्या सड्यांवर व बांधांच्या फटींत आढळणारे फुरसे हे येथील सर्पदंशाचे प्रमुख कारण होते. सरकारने मारलेल्या फुरशामागे काही पै बक्षीस ठेवले आणि लाखांनी फुरशी मारून कचेरीत आणली गेली. तरीही फुरशांची संख्या म्हणावी तशी घटली नाही. रोगाचे मूळ शोधण्याऐवजी बक्षिसाने प्रश्न सोडवण्याचा हा प्रयत्न निसर्ग-इतिहासाच्या ग्रंथांत आजही उदाहरण म्हणून उद्धृत केला जातो.

कुष्ठरोग्यांसाठी रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालय उभे राहिले, ते पारशी उद्योगपती सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून. जिल्ह्यातील आरोग्यसेवेत मुंबईच्या दानशूरतेचा हा एक जुना ठसा होय. मात्र १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता; त्यामुळे अशा संस्थांत सेवा आणि कोंडून ठेवणे यांची सरमिसळ होती. बहुविध औषधोपचाराची पद्धत १९८० च्या दशकात आल्यावर कुष्ठरोगाचा उपचार घरी राहून होऊ लागला.

मुंबईला १८९६ मध्ये प्लेगने गाठले, तेव्हा भयभीत झालेले कोकणी चाकरमानी आगबोटींनी आपल्या गावांकडे परतले आणि रोगही त्यांच्यासोबत बंदरोबंदरी उतरला. १९२४ मध्ये रत्नागिरी शहरात प्लेग होता. तेथे स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांना त्या कारणाने काही काळ नाशिकला जाण्याची परवानगी मिळाली होती. मुंबईत साथ आली की ती कोकणात येते, हा अनुभव पुढे २०२० मध्येही आला.

प्रादेशिक मनोरुग्णालय

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ मध्ये स्थापन झाले. नागपूर, ठाणे व येरवडा येथील संस्थांसह ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक असून त्याची क्षमता ३६५ खाटांची आहे. कोकणाबरोबरच घाटमाथ्यावरील लगतच्या जिल्ह्यांतील रुग्णही येथे येतात. कोकणाबाहेरच्या बोलीभाषेत ‘रत्नागिरीला पाठवणे’ आणि ‘येरवड्याला पाठवणे’ हे वाक्प्रयोग ज्या अर्थाने वापरले जातात, त्यात समाजाची मनोरुग्णांकडे पाहण्याची दृष्टी उघड होते.

या संस्थेच्या इतिहासात कायद्याचे तीन टप्पे दिसतात. १९१२ च्या कायद्याच्या दृष्टीने मनोरुग्ण हा प्रामुख्याने समाजाला धोकादायक म्हणून आत ठेवायचा माणूस होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘वेडा’ हा शब्द काढून टाकला व दाखल करण्याच्या पद्धतीवर न्यायालयीन देखरेख आणली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला उपचाराचा हक्क, उपचाराबाबत आगाऊ इच्छा नोंदवण्याचा हक्क आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. केवळ कुटुंब स्वीकारत नाही एवढ्यावरून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो.

प्रत्यक्षात अडचण येथेच आहे. बरा झालेला माणूस घरी नेण्यास नातेवाईक येत नाहीत, कधी दाखल करताना दिलेला पत्ता सापडत नाही, कधी घरात सांभाळणारे कोणी उरलेले नसते. हा प्रश्न राज्यातील इतर मनोरुग्णालयांप्रमाणे येथेही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे तालुक्याच्या व ग्रामीण रुग्णालयांत तपासणीचे दिवस ठरवून देण्यात आले आणि औषधे जवळ मिळू लागली. त्यामुळे दाखल होण्यापूर्वीच उपचार सुरू होण्याची शक्यता वाढली आहे. गोळ्या चालू ठेवण्यासाठी महिन्याला एस.टी. ने एकदा तालुक्याला जाणे आणि त्यासाठी दिवसभर रत्नागिरीला जाणे यांत मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

मुंबईत घडलेल्या, पण मूळ कोकणात असलेल्या चळवळी

संततिनियमनाचे आद्य पुरस्कर्ते रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ मध्ये दापोली तालुक्यातील मुरुड येथे झाला. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांना नोकरी गमवावी लागली व खटल्यांना तोंड द्यावे लागले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना स्त्री-कामगाराच्या विश्रांतीचा भार मालकाने व सरकारने उचलावा अशी भूमिका घेतली. त्यातून १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला. १९३८ मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात असा प्रस्ताव त्यांच्या पक्षातर्फे विधिमंडळात मांडला गेला. तो फेटाळला गेला.

हे कार्य मुंबईत झाले, तरी गिरणगावातील चाळींत राहणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांचे एक पाऊल रत्नागिरीत होते, हे विसरता येत नाही. गिरणीत जडलेला क्षय घेऊन माणूस शेवटी गावीच येत असे.

मुंबईतील ग्रामस्थ मंडळांचे कार्य या संदर्भात दुर्लक्षित राहिले आहे. गावोगावच्या चाकरमान्यांनी गिरणगावात खोल्या घेऊन मंडळे स्थापन केली. मंडळांचा मुख्य उद्देश गावदेवीचा उत्सव, शाळेची इमारत, पाणी आणि रस्ता हा असे. परंतु गावाहून आलेल्या रुग्णाला परळच्या के. ई. एम. किंवा टाटा रुग्णालयात नेणे, त्याच्यासोबत रात्र काढणे, रक्त देण्यासाठी माणसे उभी करणे, आणि प्रसंगी मृतदेह गावी नेण्याची सोय करणे, ही कामे त्यांनीच केली. कोणत्याही योजनेत न बसणारी ही विमाव्यवस्था होती. गिरण्या बंद पडल्यावर आणि चाळी पाडून मनोरे उभे राहिल्यावर तिचे बळ ओसरले.

जिल्हा परिषद व प्राथमिक आरोग्य केंद्रे

भोर समितीने १९४६ मध्ये सुचवलेली प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना स्वातंत्र्यानंतर अमलात येऊ लागली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याचा कारभार त्यांच्याकडे आला. तेव्हापासून जिल्ह्यात दुहेरी रचना आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या, तर ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीत. सामान्य माणसाला हा भेद ठाऊक नसतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवले जाताना तो त्याला भोगावा लागतो.

जिल्ह्यात ६७ प्राथमिक आरोग्य केंद्रे व ३७८ उपकेंद्रे आहेत. दापोली, खेड तालुक्यातील कळंबणी व चिपळूण तालुक्यातील कामथे येथे उपजिल्हा रुग्णालये असून, मंडणगड, गुहागर, संगमेश्वर, देवरुख, लांजा, राजापूर आदी ठिकाणी ग्रामीण रुग्णालये आहेत. कळंबणी व कामथे ही दोन्ही मुंबई-गोवा महामार्गालगत असल्याने अपघातग्रस्तांचा मोठा भार त्यांच्यावर पडतो.

राष्ट्रीय निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० व डोंगराळ प्रदेशात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे. जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे साडेतेरा लाख धरली, तर एका उपकेंद्राच्या वाट्याला साडेतीन हजारांच्या आसपास व एका प्राथमिक केंद्राच्या वाट्याला सुमारे वीस हजार लोक येतात. कागदावर हे प्रमाण वाईट नाही. डोंगराळ प्रदेशाच्या निकषाच्या ते जवळ जाते. पण निकष डोकी मोजतो, चढण मोजत नाही. एका प्राथमिक केंद्राच्या वाट्याला सरासरी १२० चौ. किमी.हून अधिक मुलूख येतो आणि आरोग्यसेविकेला तो बहुतांशी पायी किंवा मिळेल त्या वाहनाने तुडवावा लागतो.

इमारती झाल्या, तरी माणसे मिळत नाहीत ही तक्रार या जिल्ह्यात सतत ऐकू येते. भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांची पदे रिक्त राहिली की शस्त्रक्रियागृह असूनही शस्त्रक्रियेने होणारी प्रसूती तेथे करता येत नाही, आणि गर्भवतीला पुढच्या रुग्णालयाचा रस्ता धरावा लागतो. शासकीय महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा सक्तीची असली, तरी वर्ष संपताच डॉक्टर निघून जातो. प्राथमिक केंद्रांचा भार पुष्कळ ठिकाणी आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे वाहिला आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळाले आहे.

विंचूदंश व सर्पदंश

कोकणच्या आरोग्य-इतिहासातील सर्वांत निर्विवाद यश कोणते, असे विचारल्यास विंचूदंशावरील उपचाराकडे बोट दाखवावे लागेल. कोकणातील लाल विंचवाचा दंश अत्यंत विषारी असतो. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसतात. पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते आणि रोगी दगावतो. भाताची लावणी-कापणी करणारे शेतकरी, लाकूडफाटा व गवत गोळा करणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले हे त्याचे बळी. डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये कोकणातील अशा रुग्णांची नोंद ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली होती. परंतु उपाय हाती नव्हता, आणि मंत्र घालणाऱ्याकडे जाणे हाच गावाचा परिपाठ होता.

शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करू लागलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश झालेल्या रुग्णांशेजारी बसून लक्षणांचा क्रम टिपला. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त, तोंडाने घेण्याचे औषध या विषाच्या परिणामावर लागू पडते, हे त्यांनी दाखवून दिले व त्यासंबंधीचे लेखन १९८६ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले. गंभीर रुग्णांतील तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एक टक्क्याच्या आसपास आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळा किंवा मोठे अनुदान हाती नसता, प्राथमिक आरोग्य केंद्रातील खाटेवरून झालेले हे संशोधन रत्नागिरीच्या उत्तरेकडील तालुक्यांनाही तितकेच उपकारक ठरले. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले व चिपळूण परिसरातील वैद्यकांनीही त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास केला.

सर्पदंशाबाबत प्रश्न वेगळा आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष उपलब्ध आहे. प्राथमिक केंद्रात ते असणे, ते देण्याचा आत्मविश्वास डॉक्टरपाशी असणे आणि रुग्ण वेळेत तेथे पोहोचणे या तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून जडणारा ताप, हाही येथील शेतीशी निगडित रोग आहे. लावणीच्या दिवसांत जोखमीच्या गावांत प्रतिबंधक गोळ्या वाटण्याचे काम आरोग्यसेवक करतात.

धर्मादाय संस्था : डेरवणचा प्रयोग

चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवण येथे श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टने १९९६ मध्ये भ. क. ल. वालावलकर रुग्णालय सुरू केले. शिवसृष्टीसाठी ख्यात असलेल्या या खेड्यात विशेषज्ञांची सेवा देणारे रुग्णालय उभे राहणे ही दक्षिण व मध्य कोकणच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होती; तोवर हृदयविकार वा कर्करोग म्हणजे मुंबई, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कराड किंवा आंबा घाटाने कोल्हापूर, असाच पर्याय होता. २०१५ मध्ये संस्थेचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते जिल्ह्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने येथून गावोगाव मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करण्यात आली आणि ग्रामीण कर्करोग नोंदणीचे कामही झाले. कोकणातील स्त्रियांत मशेरी लावण्याची सवय जुनी आहे. दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाणारी ही भाजलेली तंबाखू व्यसन मानलीच जात नाही, त्यामुळे तपासणीइतकेच प्रबोधनाचे कामही आवश्यक ठरले. किशोरवयीन मुलींचे पोषण हा या संस्थेच्या अभ्यासाचा आणखी एक विषय आहे. मुलीची वाढ खुंटली तर पुढे तिच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मते व मोठेपणी त्याला मधुमेह, हृदयविकार यांचा धोका राहतो, या विचारावर आधारलेला ‘डेरवण’ नावाचाच दीर्घकालीन अभ्यास २०१९ मध्ये सुरू झाला.

महामार्गावरील अपघातग्रस्तांसाठी नाणीज येथील जगद्‌गुरू नरेंद्राचार्य महाराज संस्थान विनामूल्य रुग्णवाहिका चालवते. शासनाची १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह राज्यभर सुरू झाली. दोन्हींना अडवणारी गोष्ट एकच: डांबरी रस्ता संपतो तेथे रुग्णवाहिका थांबते.

ग्रामीण आरोग्य अभियान व लोकसहभाग

लोकांनी आपल्या आरोग्याची सूत्रे हाती घ्यावीत, हा विचार महाराष्ट्रात प्रथम स्वयंसेवी प्रकल्पांतून आला. रजनीकांत व मेबल आरोळे यांचा जामखेड प्रकल्प १९७० चा. डॉ. नोशीर अंतिया यांनी त्याच दशकात कोकणातच, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील मांडवा परिसरात, गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. स्त्रियांनी काम उत्तम केले, परंतु स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या विरोधामुळे प्रकल्प आवरता घ्यावा लागला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तेथील ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. रत्नागिरीतील आशा कार्यकर्ती आज बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन व तापमान पाहते, त्या पद्धतीचे मूळ गडचिरोलीत आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. सुमारे हजार लोकसंख्येमागे एक आशा, गाव पातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तिच्याकडे वार्षिक १०,००० रुपयांचा अबंधित निधी आणि रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती, अशी त्याची रचना होती. जननी सुरक्षा योजना व २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांमुळे दवाखान्यातील प्रसूती, तेथवरचा प्रवास व आहार विनामूल्य झाला. अबंधित निधीचा उपयोग ज्या गावांत समितीची बैठक खरोखर होते तेथे चांगला झाला. जेथे ती कागदोपत्री होते तेथे त्यातून फलक रंगवले गेले.

याच अभियानाचा एक भाग म्हणजे २००७ मध्ये महाराष्ट्रात आलेली ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ ही प्रक्रिया. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला गुण द्यायचे, प्रगतिपत्रक तयार करायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचे, असे तिचे स्वरूप. पुण्याची ‘साथी’ संस्था तिची राज्य समन्वयक होती. पहिल्या टप्प्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे हे पाच जिल्हे होते. पुढील टप्प्यात रायगड आणि कोल्हापूर यांसह आणखी आठ जिल्हे आले. रत्नागिरी त्यांत नव्हता. दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांत औषधांचा तुटवडा, बाहेरून औषधे आणायला लावणे, डॉक्टरांची गैरहजेरी हे प्रश्न लोकांनी उघडपणे मांडले, आणि काही ठिकाणी ते सुटलेही. रत्नागिरीत साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांहून अधिक असूनही असे व्यासपीठ त्या काळात उभे राहिले नाही, ही उणीव नोंदवावी लागते.

आशा कार्यकर्ती ही स्वयंसेविका मानली जाते. तिला वेतन नसून कामागणिक मोबदला मिळतो. याविरुद्ध २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभी राज्यभर संप झाला, त्यानंतर शासनाने मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मान्य केली.

करोना साथ व २०२१ चा महापूर

मार्च २०२० मध्ये जिल्ह्यात करोनाचा पहिला रुग्ण आढळला. आरंभी जिल्ह्यात चाचणीची सोय नसल्याने नमुने मिरजेला पाठवावे लागत. पुढे रत्नागिरीतच प्रयोगशाळा झाली. मे महिन्यात चाकरमानी मोठ्या संख्येने परतले. त्यांच्या विलगीकरणाची जबाबदारी सरपंचाच्या नेतृत्वाखालील ग्राम कृती दलांवर आली. शाळांच्या खोल्या रिकाम्या करून तेथे त्यांची व्यवस्था करण्यात आली, वाडीतून त्यांना डबे पोहोचवण्यात आले. काही गावांनी वेशी बंद करून आपल्याच माणसांना अडवल्याचे प्रसंगही घडले. ज्या मुंबईकरांच्या मनिऑर्डरवर गाव चालले, त्यांनाच परके मानले गेल्याची सल पुष्कळ घरांत राहिली आहे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. पुराच्या पाण्याने वीजपुरवठा बंद पडलेल्या एका कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले. रुग्णालयांच्या जागा, जनित्रे व प्राणवायूचा साठा पूररेषेच्या संदर्भात तपासण्याची गरज या घटनेने पुढे आणली.

अलीकडील धोरणे

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. रत्नागिरीला ती नोव्हेंबर २०१३ मधील राज्यव्यापी विस्तारानंतर मिळाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयातच मिळतो, आणि अशी रुग्णालये शहरांत व महामार्गालगत एकवटलेली आहेत. मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या गावातील रुग्णाला शस्त्रक्रिया विनामूल्य मिळाली, तरी सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी व भाडे त्याच्याच पदरी पडते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत नोंदणी, तपासण्या व उपचार विनामूल्य करण्यात आले. हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. जिल्हा रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे धोरण राज्यात चालू असल्याने, कोणत्या खात्याच्या छपराखाली रुग्ण दाखल होतो यावर त्याचा खर्च ठरण्याची शक्यता निर्माण झाली.

रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेने शैक्षणिक वर्ष २०२३-२४ पासून जिल्हा रुग्णालयाशी संलग्न होऊन सुरू झाले. शेजारच्या सिंधुदुर्गाला असे महाविद्यालय दोन वर्षे आधी मिळाले होते. येथील पहिल्या तुकडीचे विद्यार्थी पदवी व आंतरवासिता पूर्ण करून बाहेर पडण्यास साडेपाच वर्षे लागतील. त्यांतील किती जण जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू होतात, हे त्यानंतरच समजेल.